लोखंडी शेडची ऑर्डर देण्याआधी: वडोदऱ्यात कारखान्याच्या इमारतीसाठी पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

मकरपुरा, पोर, वाघोडिया, सावली. वडोदऱ्याच्या कुठल्याही औद्योगिक पट्ट्यात आज नवा कारखाना उभा राहतो तो बहुतेक लोखंडी सांगाड्याचाच. कॉलम, रॅफ्टर (छताचे तिरपे मुख्य तुळे), पर्लिन (पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्या) सगळे दुसरीकडे कापून, वेल्डिंग करून, रंग मारून ट्रकने येते आणि जागेवर बोल्ट कसायचे तेवढे उरतात. पाया तयार असेल तर मध्यम आकाराची शेड काही आठवड्यांत उभी राहते. वेळ जातो तो कागदांत, आणि पैसा जातो तो कागदांचा क्रम चुकल्यामुळे.

विटांच्या बांधकामात मार्जिन (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) एक मीटर वाढवायला सांगितले तर भिंत आत घेता येते. इथे ती सोय नाही. २० मीटर स्पॅनसाठी (दोन कॉलमांमधल्या अंतरासाठी) कापलेला रॅफ्टर १९ मीटरचा करायचा म्हणजे टोकाच्या प्लेटा, बोल्टांची भोके, कधी कधी कॉलमसुद्धा नव्याने. म्हणून आधीच सांगून टाकतो: मंजूर नकाशा हातात आल्याशिवाय शेडवाल्याच्या फॅब्रिकेशन ड्रॉइंगवर सही करू नका. तो म्हणेल, लोखंडाचा भाव चढतोय, आज ऑर्डर द्या. भाव बांधून घ्यायला थोडा ॲडव्हान्स द्या हवे तर, पण कटिंग सुरू करू देऊ नका.

अर्ज कोणाच्या नावाने

एकट्याची पेढी, भागीदारी, एलएलपी, प्रायव्हेट लिमिटेड, कुणीही अर्ज करू शकते. कारखान्याच्या कायद्यात मात्र ‘ऑक्युपायर’, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेला जबाबदार माणूस कोण, हे आधी ठरवावे लागते. भागीदारीत तो भागीदारांपैकी एक असतो आणि कंपनीत संचालकांपैकी एक. विश्वासू मॅनेजरला ऑक्युपायर दाखवून मोकळे होता येत नाही. मॅनेजरचे नाव वेगळ्या रकान्यात जाते.

आपल्याकडच्या जुन्या कुटुंबांत हमखास अडते ते इथेच. प्लॉट वडिलांच्या नावावर, जीएसटी मुलाच्या कंपनीचा, वीजजोडणी काकांच्या जुन्या पेढीची. घरात हे सगळ्यांना ठाऊक असते, पण कार्यालयाच्या लेखी हे तीन वेगळे पक्ष आहेत. भाडेकरार किंवा हस्तांतर आधी करून घ्या. प्लॉट जीआयडीसीचा (गुजरात औद्योगिक विकास महामंडळाचा) असेल तर तो दुसऱ्या पेढीला वापरायला देण्यासाठीही महामंडळाची परवानगी लागते, नुसता घरगुती करार पुरत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी एजंटला पैसे देण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. जमीन आणि इमारत या गुंतवणुकीत धरत नाहीत, त्यामुळे महागडी शेड टाकली म्हणून वर्ग बदलत नाही.

जमिनीचे कागद

जीआयडीसीच्या वसाहतीत प्लॉट असेल तर बिनशेती परवानगीचा प्रश्नच येत नाही. ऑफर-कम-अलॉटमेंट पत्र, करारनामा, ताबापावती आणि प्लॉटचा मोजणी नकाशा, एवढ्यावर काम सुरू होते. मकरपुऱ्यासारख्या जुन्या वसाहतीत प्लॉट दुसऱ्याकडून घेतला असेल तर आधी तुमच्या नावावर हस्तांतराचा आदेश, मग नकाशा. आधीच्या मालकाने मार्जिनमध्ये पत्रे टाकून ठेवले असतील तर ते सौदा करतानाच काढून मागा. नंतर ते तुमच्या गळ्यात पडतात.

वसाहतीबाहेरच्या शेतजमिनीचे काम जास्त नाजूक. सातबारा, आठ-अ, फेरफार नोंदी, टायटल क्लिअर प्रमाणपत्र आणि झोनिंगचा दाखला लागतो. जमीन जुन्या शर्तीची की नव्या शर्तीची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी), हे सातबाऱ्यावर पाहा. नवी शर्त असेल तर प्रीमियम भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला जमीन महसूल कायद्याच्या कलम ७३ एए चे, म्हणजे विक्रीवरचे, बंधन असते, तिच्या वाटेला जाऊ नये. शेतकरी नसलेल्या उद्योजकाला गुजरातच्या गणोत (कूळ) कायद्याच्या कलम ६३ एए खाली खऱ्या औद्योगिक कारणासाठी शेतजमीन घेता येते, मर्यादा १० हेक्टरची, आणि खरेदीनंतर ३० दिवसांत कलेक्टरला कळवावे लागते. ही तीस दिवसांची तारीख दस्तऐवजाच्या आनंदात विसरली जाते.

नकाशा आणि लोखंडाचा हिशेब

वसाहतीत नकाशा जीआयडीसी मंजूर करते. बाहेर, वुडाच्या (वडोदरा शहरी विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत, विकास परवानगी म्हणजे आपली रजाचिठ्ठी घ्यावी लागते. दोन्हीकडे नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सह्या लागतात. शेडवाल्या कंपनीचा डिझाइनर परराज्यात बसलेला असतो. त्याचे गणित तपासून जबाबदारी घेणारा नोंदणीकृत इंजिनिअर इथे तुम्हाला नेमावाच लागतो. त्याची फी वाचवण्यासारखी नाही.

का, ते एका कोटेशनवरून पाहा. लोखंडी शेडचा भाव किलोवर ठरतो, त्यामुळे कमी किलो दाखवणारा स्वस्त दिसतो. किलो कमी कसे झाले, ते ‘डिझाइन लोड’ नावाच्या छोट्या रकान्यात असते. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे, माणसे वावरत नाहीत अशा कमी उताराच्या छतावर चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७५ किलो, लाइव्ह लोड (इमारतीच्या स्वतःच्या वजनाशिवाय येणारा भार) धरायचा. अमेरिकन पद्धतीने केलेल्या कोटेशनात तोच ०.५७ असतो. दोन कोटेशनांची तुलना करण्याआधी हा आकडा सारखा करून घ्या. छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर त्याचे वजन आत्ताच लिहून द्या, आणि क्रेन लावायची असेल तर तिची क्षमताही. कॉलम उभे राहिल्यावर क्रेनचा ब्रॅकेट जोडणे म्हणजे सगळे गणित पुन्हा.

दुसरा आकडा वाऱ्याचा. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात वडोदऱ्यासाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. पत्रा आणि पर्लिन मिळून छताचे वजन चौरस मीटरला जेमतेम १०-१२ किलो भरते, आणि वादळात वारा ते छत दाबत नाही, उचलतो. इमारतीला धरून ठेवतात ते पायातले अँकर बोल्ट. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी बोल्टांचा टेम्प्लेट आणि त्यांची मापे इंजिनिअरने स्वतः जागेवर तपासावीत. वडोदऱ्याच्या काळ्या मातीत माती-परीक्षणाचा अहवालही हवाच. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती शेजारच्या प्लॉटच्या अहवालावर चालवून घेण्यातली नाही. जोत्याची उंची ठरवताना ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर आठवा.

बाकी परवानग्या

प्रदूषण मंडळाची स्थापनेची संमती, जिला इथे सगळे नुसते एनओसी म्हणतात, ती बांधकामाच्या आधी घ्यायची. उद्योग पांढऱ्या वर्गात असेल तर फक्त कळवायचे असते. हिरवा, नारिंगी, लाल असेल तर अर्ज. नुसते लेथ-मिलिंग आणि त्याच छताखाली प्लेटिंग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा ‘पुढे कधीतरी करू’ असली कामे उगाच अर्जात भरू नका, आणि खरोखर करायची असतील तर लपवू नका. उत्पादन सुरू करण्याआधी चालवण्याची संमती वेगळी घ्यावी लागते.

अग्निशमनाचे काम नकाशाच्या टप्प्यावरच सुरू करा. उघडे लोखंड जळत नाही, पण सुमारे ५५० अंशांना त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, म्हणून ज्वलनशील माल साठवायचा असेल तर पाण्याची टाकी, हायड्रंट आणि बाहेर पडायचे दरवाजे नकाशात आधीच हवेत.

मग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणारा कारखाना १० कामगारांपासून मोजला जाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षा व आरोग्याच्या नव्या संहितेत ही संख्या २० आहे, विजेशिवाय ४०. कंत्राटदाराची माणसेही यात धरायची. अर्जासोबत जागेचा नकाशा, यंत्रांची मांडणी, उत्पादनाचा क्रम, कच्च्या मालाची यादी, वायुवीजन, स्वच्छतागृहे आणि कामगारसंख्या द्यायची. प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा हवी आणि जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची उंची मोजत नाहीत. म्हणजे ६ बाय ५ मीटरच्या पॅकिंगच्या भागात, छत ९ मीटरवर असले तरी, आठच माणसे बसवता येतात.

सगळ्यात महत्त्वाचे हे की या चारही ठिकाणी जाणारा नकाशा एकच असावा. जीआयडीसीकडे दोन दरवाजे, अग्निशमनाकडे तीन आणि शेडवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये पुन्हा दोन, अशा फायली पाहिल्या आहेत. तपासणीच्या दिवशी अधिकारी दरवाजेच मोजतो. नकाशाला तारीख आणि सुधारणा क्रमांक टाका, जुन्या प्रती फाडून टाका.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना गुजरातच्या २०१९ च्या कायद्याने एक सवलत आहे: इरादापत्र भरले की पोचपावतीचे प्रमाणपत्र मिळते आणि राज्याच्या कायद्यांखालच्या परवानग्यांतून तीन वर्षांची मोकळीक. मुदत संपल्यावर सहा महिन्यांत सगळ्या परवानग्या घ्यायच्या. माझे मत विचाराल तर लोखंडी शेडसाठी याचा आधार जपून घ्यावा. तीन वर्षांनी मार्जिन कमी निघाले तर उभी इमारत सरकवता येत नाही, आणि कर्ज देणारी बँक व विमा कंपनी मंजूर नकाशा आजच मागतात.

बांधकाम आणि नंतर

बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर भरावा लागतो. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. शेडवर दिलेल्या जीएसटीची वजावट इमारतीसाठी मिळत नाही, यंत्रांच्या पायासाठी मिळते, तेव्हा बिले वेगळी मागा. प्लेटांची मिल टेस्ट प्रमाणपत्रे (लोखंडाच्या दर्जाचे कारखान्याचे दाखले) आणि वेल्डिंगच्या तपासणीचे अहवाल माल उतरतानाच ताब्यात घ्या. शेवटचे पेमेंट झाल्यावर ती मिळवताना फोन करून करून थकायला होते.

शेड उभी राहिली की स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थिरतेचे प्रमाणपत्र, अग्निशमनाची अंतिम मंजुरी, मग बीयू म्हणजे वापर परवानगी, आणि त्यानंतर कारखान्याचा परवाना. हाय-टेन्शन जोडणी असेल तर एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडे अर्ज बांधकामाच्या सुरुवातीलाच टाका आणि ट्रान्सफॉर्मरसाठी विद्युत निरीक्षकाची मंजुरी धरून चाला.

पुढे कधी आत पोटमाळा घातला, बाजूला पत्र्याचे छप्पर काढले किंवा स्पॅन वाढवला तर नकाशा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो आणि स्थिरतेचे प्रमाणपत्रही नवे. वाढ होणार हे आत्ताच दिसत असेल तर शेवटची फ्रेम पुढे जोडता येईल अशीच डिझाइन करायला सांगा. त्याला लोखंड थोडे जास्त लागते, पण पुढच्या वेळी बाजूची भिंत उतरवली की पुढचा भाग तिथूनच जोडता येतो.