मानेचा पट्टा घेण्याआधी

मान धरली की आधी चोळून पाहतात, मग मलम लावतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या काउंटरवर येऊन म्हणतात, "पट्टा द्या." पट्टा आम्ही विकतो. पण प्रत्येक दुखऱ्या मानेला तो लागतोच असं नाही, आणि काही जणांनी तो घालून घरी थांबणं धोक्याचं असतं. म्हणून पैसे देण्याआधी मान आतून कशी आहे ते पाहून घ्या.

मानेत ७ मणके असतात. मान खाली घातली की पाठीला जुळते तिथे एक टणक उंचवटा बोटाला लागतो. बहुतेकांचा तो सातवा मणका. या सातांवर साडेचार-पाच किलोचं डोकं तोललेलं असतं. पहिला मणका नुसतं कडं आहे. त्यावर कवटी टेकते आणि 'हो' म्हणताना डोकं तिथेच खाली-वर होतं. दुसऱ्या मणक्यातून वर एक सुळका येतो आणि पहिल्याचं कडं त्याभोवती फिरतं, जात्याच्या मधल्या खिळ्याभोवती वरचा दगड फिरतो तसं. डावी-उजवीकडे पाहताना मान जेवढी वळते त्यातलं जवळपास निम्मं वळण या एकाच सांध्यात होतं.

दुसऱ्या मणक्यापासून खाली मात्र दर दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. वयाबरोबर ती सुकते, बसते आणि मणक्यांच्या कडांना हाड वाढतं. पन्नाशीनंतर ज्यांची मान कधीच दुखली नाही अशांच्याही एक्स-रेत हे दिसतं. तेव्हा 'गॅप कमी झाली' एवढं ऐकून घाबरू नका. दुखण्याचं कारण तेच असेल असं नाही.

मणक्यांच्या मधल्या फटींतून हाताच्या नसा निघतात. नस दबली की मुंग्या कुठे येतात त्यावरून जागेचा अंदाज येतो. अंगठ्याकडे आल्या तर पाचव्या-सहाव्या मणक्यामधली, मधल्या बोटात आल्या तर सहाव्या-सातव्यामधली नस. करंगळीत आल्या तर त्याखालची असू शकते, पण कोपरापाशी नस दबूनही करंगळी बधिर होते. आणि रात्री झोपेत अंगठा आणि शेजारची दोन बोटं सुन्न होऊन हात झटकावा लागत असेल, तर बहुधा मान नव्हे, मनगट दोषी असतं. कापूस वेचणाऱ्या, धारा काढणाऱ्या बायांनी हे ध्यानात ठेवावं. अशा हाताला मानेच्या पट्ट्याने काहीही होत नाही, डॉक्टरांना मनगट दाखवा.

पुढचं काही असेल तर पट्टा मागू नका, थेट दवाखाना गाठा.

झाडावरून, बंडीवरून, गाडीवरून पडल्यावर मान दुखते आहे. अशा माणसाला बसवू नका, उभं करू नका. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरा आणि १०८ ला फोन लावा. हाड मोडलं असेल तर चुकीच्या हिसक्याने मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूला इजा होते.

शर्टाची बटणं लावता येत नाहीत, हातून वस्तू पडतात, चाल अडखळते, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, लघवीवर ताबा राहत नाही. हा नसेचा नव्हे, मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. यात दिवस घालवू नका.

तापासोबत मान ताठ होणं. मानदुखीसोबत बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं. मान, जबडा आणि हात दुखून घाम फुटणं, कारण ते हृदयाचं असू शकतं.

हात जोडून एक विनंती. दाढी-कटिंगनंतर मान कडाकड मोडून घेऊ नका. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून ओवल्यासारख्या वर जातात. जोराच्या हिसक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून लकवा होऊ शकतो.

आता माप. बनियनवर या, शर्टाची कॉलर मधे येते. सरळ समोर बघा. टेप मानेच्या मध्यावरून फिरवून घेर घ्यायचा. मग हनुवटीच्या टोकापासून गळ्याखाली दोन हाडांमध्ये जो खळगा आहे तिथपर्यंतचं अंतर. खरं महत्त्व या दुसऱ्या मापाला आहे, आणि तेच बहुतेक जण घेत नाहीत. पट्टा त्याहून उंच असला तर डोकं मागे ढकलतो, नसांच्या फटी अरुंद होतात आणि मुंग्या वाढतात. 'मिडियम' म्हणजे किती, हे कंपनीगणिक बदलतं, त्यावर जाऊ नका.

खोलगट कड हनुवटीखाली, वेल्क्रो मागे. बांधल्यावर दोन बोटं आत सहज गेली पाहिजेत. गळ्याच्या दोन्ही बाजूंना ठोके लागतात त्या मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या, त्यांच्यावर दाब नको. गिळून पाहा. अडखळलं तर सैल करा.

फोमचा मऊ पट्टा मान जखडत नाही. तो ऊब देतो आणि मान जपायची आठवण करून देतो, एवढंच त्याचं काम. दुखणं जास्त असताना दिवसा थोडा-थोडा वेळ, मधून मधून काढून, आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर आठवड्याच्या आत बंद. महिनाभर घातला तर मानेचे स्नायू ढिले पडतात आणि मग पट्ट्याशिवाय डोकं जड वाटू लागतं. पट्टा घालून गाडी चालवू नका, बाजूचं वळून पाहता येत नाही. टणक पट्टा आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही.

कळ ओसरली की व्यायाम. ताठ बसा, हनुवटी खाली न घालता सरळ मागे घ्या, ५ सेकंद थांबा, सोडा. असं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. नंतर कपाळावर तळहात ठेवून डोकं पुढे रेटा, पण हाताने हलू देऊ नका. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. मान गरगर फिरवू नका. मुंग्या वाढल्या तर थांबा.

वावरातलं काम थांबत नाही हे आम्हाला माहीत आहे. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की पाण्याचंच वजन १६ किलो, पंपाचं वेगळं. पट्टे खांद्याच्या ज्या स्नायूवर रुततात तोच वर कवटीपर्यंत जातो, म्हणून फवारणीनंतर डोक्याची मागची बाजू ठणकते. दुखतं तेवढे दिवस १० लिटरच भरा, औषधही त्याच हिशेबात कमी घाला आणि दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे ठेवा. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेताना चुंबळ हवीच, पण मान जास्त लचकते ती उचलताना आणि उतरवताना. दुसऱ्याला हात लावायला सांगा.

उशी कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढी हवी. सावरीची उशी दबून पातळ झाली असेल तर ती पुन्हा भरून घ्या.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पट्ट्याखाली घामोळं उठतं. आत सुती रुमालाची घडी ठेवा. कव्हर रोज साध्या साबणाने धुवा, फोम सावलीत वाळवा. उन्हात तो कडक होऊन चुरतो. माप चुकलं वाटलं तर न धुतलेला पट्टा ३ दिवसांत घेऊन या, बदलून देऊ.