भाषणातून शब्द शिकण्याची परंपरा: डग्लस, लिंकन आणि ‘फोर स्कोअर’

राजकीय भाषणे पाठ करून इंग्रजी शब्द आत्मसात करण्याची पद्धत अमेरिकेत दोन शतकांहून जुनी आहे. बोस्टनमधील शिक्षक कॅलेब बिंगम यांनी १७९७ मध्ये ‘द कोलंबियन ओरेटर’ हे पाठ्यपुस्तक काढले. त्यात रोमन वक्त्यांपासून जॉर्ज वॉशिंग्टन आणि ब्रिटिश संसदपटूंपर्यंत अनेकांची भाषणे होती आणि काही संवादही होते. मुलांनी ती उभे राहून खणखणीत आवाजात म्हणावीत, अशी अपेक्षा असे.

या पुस्तकाचा सर्वांत विलक्षण वाचक मात्र शाळेची पायरी न चढलेला होता. गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी साधारण बाराव्या वर्षी, बाल्टिमोरमध्ये, पन्नास सेंट साठवून ते विकत घेतले. मनात चमकून जाणारे विचार शब्दांअभावी विरून जात होते, त्यांना या भाषणांनी वाचा दिली, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. ‘ॲबॉलिशन’ या शब्दाची त्यांनी सांगितलेली हकीकत तर शब्द शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. हा शब्द कानावर पडे, पण कोणाला विचारण्याची सोय नव्हती. शब्दकोशात ‘ॲबॉलिश करण्याची क्रिया’ एवढेच सापडले, पण काय ॲबॉलिश करायचे, हे कोडे सुटेना. अखेर एका वर्तमानपत्रात उत्तरेकडील राज्यांतून आलेल्या अर्जांची बातमी होती. राजधानीच्या प्रदेशातील गुलामगिरी नष्ट करावी, अशी त्यांत मागणी होती. ती वाचली तेव्हा अर्थ उलगडला.

लिंकन यांचे गेटिसबर्गचे भाषणही त्याच वाटेने, म्हणजे संदर्भातून, समजून घ्यावे लागते. अमेरिकी यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, तेथे झालेल्या तीन दिवसांच्या लढाईत दोन्ही बाजू मिळून सुमारे ५१ हजार सैनिक ठार, जखमी, कैद किंवा बेपत्ता झाले. त्यानंतर १९ नोव्हेंबरला तेथे सैनिकांच्या दफनभूमीचा अर्पणविधी झाला. प्रमुख वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, तर अब्राहम लिंकन यांचे सुमारे २७० शब्द काही मिनिटांत संपले.

त्यातले ‘फोर स्कोअर अँड सेव्हन इयर्स अगो’ हे पहिलेच शब्द शिकणाऱ्याला अडवतात. ‘स्कोअर’ म्हणजे वीस, आपली कोडी. चार कोड्या आणि सात म्हणजे ८७ वर्षे, म्हणजेच १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. हीच गोष्ट लिंकन ७ जुलैला, वॉशिंग्टनमध्ये जमलेल्या लोकांसमोर, ‘ऐंशीहून थोडी अधिक वर्षे’ अशा साध्या बोलीत म्हणाले होते. दफनभूमीपाशी त्यांनी इंग्रजी बायबलमधील आयुर्मानाच्या मोजणीचा सूर उचलला, आणि तो बदल ध्यानात आला की शब्दाचा नुसता अर्थच नव्हे, तर त्याचे वजनही कळते.

‘डेडिकेट’ हे क्रियापद या छोट्या भाषणात सहा वेळा येते. राष्ट्र एका तत्त्वाला वाहिलेले आहे, ही भूमी मृतांना अर्पण करायची आहे, आणि शेवटी जिवंत असलेल्यांनी अपुऱ्या राहिलेल्या कार्याला स्वतःला वाहून घ्यायचे आहे. मराठीत निरनिराळी क्रियापदे लागतील, तेथे इंग्रजीत एकच शब्द पुढे सरकत जातो. आपण ही भूमी ‘डेडिकेट’ (अर्पण), ‘कॉन्सिक्रेट’ (विधिपूर्वक पवित्र) किंवा ‘हॅलो’ (hallow, पावन) करू शकत नाही, या वाक्यात पहिले दोन शब्द लॅटिन मुळाचे आहेत, तर तिसरा ‘होली’चा (holy, पवित्र) भाईबंद, जुन्या इंग्रजीतला. माझ्या मते शब्दांच्या छटा शिकवण्यास याहून उत्तम वाक्य क्वचितच सापडेल.

भाषणात दोनदा आलेला ‘डिव्होशन’ (निष्ठा) हा शब्द महाराष्ट्रातील एका ग्रंथातही भेटतो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. त्या इंग्रजी अर्पणपत्रिकेत त्यांच्या निःस्वार्थ निष्ठेसाठी हाच शब्द योजला आहे.