शॉटमापन (चित्रपट-अध्यापनातील)

चित्रपटातील प्रत्येक शॉटची लांबी मोजून त्या मापांवरून संकलनाची लय, कथनाचा वेग आणि दिग्दर्शकाची शैली यांविषयी अनुमाने काढण्याच्या पद्धतीस शॉटमापन म्हणतात. एका कटपासून पुढच्या कटपर्यंत अखंड चालणारा चित्रखंड म्हणजे शॉट, ही व्याख्या पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळते आणि सामान्य वापरास ती पुरते. मात्र मोजणीला बसल्यावर ती अपुरी पडते, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल. पूर्वी ही पद्धत संकलन-मेजापाशी बसू शकणाऱ्या मोजक्या संशोधकांपुरती मर्यादित होती. २००५ नंतर उपलब्ध झालेल्या ऑनलाइन साधनांमुळे ती महाविद्यालयीन चित्रपट-अभ्यासक्रमांत आली, आणि विद्यार्थ्याला ती साधने वापरण्यास शिकवणे हा चित्रपट-रसास्वादाच्या अध्यापनाचा एक भाग झाला.

उगम : शॉटमापनाचा प्रारंभ नेमका कोणापासून मानावा, याविषयी मतभेद आहेत. बहुतेक लेखक बॅरी सॉल्ट या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आणि पुढे लंडनमध्ये अध्यापन केलेल्या अभ्यासकाच्या १९७४ च्या लेखाकडे बोट दाखवतात. सॉल्ट यांचे मूळ शिक्षण सैद्धांतिक भौतिकीतले. एखाद्या दिग्दर्शकाची शैली ‘खास त्याची’ आहे असे म्हणण्यापूर्वी त्याच काळातील इतर चित्रपटांचे सर्वसाधारण मान काय होते हे दाखवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी शॉटची सरासरी लांबी आणि समीप, मध्य, दूर अशा दृश्यमानांचे (कॅमेरा विषयाच्या किती जवळ भासतो यावरून पडणाऱ्या शॉटच्या प्रकारांचे) वितरण ही दोन मापे पुढे आणली. वेगवेगळ्या लांबीच्या चित्रपटांची तुलना करता यावी म्हणून दृश्यमानांची संख्या दर ५०० शॉटमागे देण्याची रीतही त्यांचीच.

तथापि मोजणी त्याहून बरीच जुनी आहे. १९१२ मध्ये अमेरिकेतील एका व्यवसायपत्रात रेव्हरंड स्टॉकटन या धर्मोपदेशकाने चित्रगृहात बसून केलेल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यांत २५ चित्रपटांतील दृश्ये आणि मजकुराच्या पाट्या वेगवेगळ्या मोजलेल्या होत्या. १९२० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीत गेओर्ग ओटो श्टिंट यांनी जर्मन आणि अमेरिकन चित्रपटांच्या कटांची तुलना केली. सोव्हिएत दिग्दर्शकांचे प्रकरण निराळे आहे. शॉटची लांबी फ्रेमच्या हिशेबाने ठरवण्याचा विचार त्यांनी केला आणि आयझेनस्टाइन यांनी १९२९ च्या सुमारास ‘मापनिष्ठ’ मोंताजची, म्हणजे ठरावीक मापांनुसार शॉट जोडण्याची, संकल्पना मांडली, हे खरे. परंतु ते मोजत होते चित्रपट घडवण्यासाठी. तयार चित्रपटाचे परीक्षण हा त्यांचा हेतू नव्हता. म्हणून त्यांना या पद्धतीचे जनक म्हणणे ताणलेले वाटते. स्टॉकटन यांच्या नोंदींमागेही तुलनेची स्पष्ट रीत दिसत नाही. मोजणीचा आरंभ १९१२ च्या आसपासचा आणि पद्धतीचा आरंभ १९७४ चा, ही विभागणी अधिक ग्राह्य ठरते.

ऑनलाइन साधने : शिकागो विद्यापीठातील चित्रपट-इतिहासकार यूरी त्सिव्यान यांनी २००५ मध्ये ‘सिनेमेट्रिक्स’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्याची संगणकप्रणाली गुनार्स त्सिव्यान्स यांनी लिहिली. चित्रपट चालू असताना प्रत्येक कटला पाहणाऱ्याने कळ दाबायची आणि प्रणालीने दोन दाबांमधील अंतर नोंदवून शेवटी सरासरी व आलेख द्यायचा, इतके तिचे काम साधे आहे. झालेली मोजणी सामायिक संग्रहात जमा करता येत असल्याने एका विद्यार्थ्याचे काम दुसऱ्या देशातील विद्यार्थ्याला तुलनेसाठी मिळू लागले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचे साधन म्हणजे भारतीय चित्रपटांचा टिपणांसहित ऑनलाइन संग्रह ‘इंडियनसिने.मा’. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅड.मा’ या संग्रहाच्या पाठोपाठ तो २०१३ मध्ये उभा राहिला. दोन्हींमागे मुंबईतील ‘कॅम्प’ हा कलावंतगट आणि बर्लिनमधील प्रणालीकार यांचे सहकार्य असून, भारतीय चित्रपटकोशाचे एक संपादक आशिष राजाध्यक्ष यांचा इंडियनसिने.माशी निकटचा संबंध आहे. ज्या ‘पॅन.डो/रा’ प्रणालीवर हे संग्रह चालतात ती चित्रपटाची कालरेषा रंगपट्टीच्या रूपाने दाखवते, कट आपोआप शोधते आणि कोणत्याही क्षणाशी लिखित टिपण जोडू देते. या शेवटच्या सोयीमुळे माप आणि भाष्य एकाच जागी राहतात, आणि अध्यापनासाठी हा गुण सिनेमेट्रिक्सच्या आलेखापेक्षा मोलाचा आहे.

याखेरीज नायमेखन येथील माक्स प्लांक मनोभाषाशास्त्र संस्थेने भाषिक नोंदींसाठी तयार केलेली ‘एलान’ ही विनामूल्य प्रणालीही चित्रपटवर्गात वापरता येते.

शॉट म्हणजे काय : विद्यार्थ्याची पहिली अडचण यंत्राची नसते. डिझॉल्व्हमध्ये एक प्रतिमा विरत असताना दुसरी उमटते. तेथे आधीचा शॉट कोणत्या क्षणी संपला? डिझॉल्व्हच्या मध्यबिंदूवर कळ दाबण्याचा संकेत सोयीचा आहे, परंतु तो संकेतच आहे. मूकपटातील मजकुराची पाटी शॉट मानावी की वगळावी, हा प्रश्न स्टॉकटन यांनाही पडलेला दिसतो, कारण त्यांनी पाट्या वेगळ्या मोजल्या. श्रेयनामावली आणि प्रमाणपत्राची पाटी सामान्यतः वगळतात. भारतीय चित्रपटात गाण्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. गाण्याचे संकलन तालाशी बांधलेले असते आणि त्याची लय संवादप्रसंगांहून सहसा वेगळी असते. दोहोंची मिळून काढलेली सरासरी बहुधा दोहोंपैकी एकाचेही वर्णन करत नाही. गाणी आणि प्रसंग स्वतंत्र मोजून नंतर एकत्रित आकडा देणे श्रेयस्कर. या सर्व बाबींचा निर्णय मोजणीपूर्वी लिहून ठेवावा लागतो, आणि तो लिहिताना होणारी वर्गातली चर्चा हेच या अभ्यासाचे सर्वांत फलदायी अंग आहे.

प्रत आणि वेग : मापाची विश्वासार्हता प्रतीवर अवलंबून असते. सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित झालेला बोलपट पॅल या दूरचित्रवाणी-पद्धतीच्या व्हिडिओवर २५ फ्रेमने धावतो. म्हणजे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि प्रत्येक शॉट ४ टक्क्यांनी आखूड भरतो. मूकपटात हा फरक फार मोठा होतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम मावतात, म्हणून १६ फ्रेमच्या वेगाने एक फूट बरोबर एका सेकंदात सरकते. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सामान्यतः ३,७०० फूट दिली जाते. १६ च्या वेगाने हा चित्रपट ६१ मिनिटे ४० सेकंद चालेल; २४ च्या वेगाने सुमारे ४१ मिनिटे. अनेक ठिकाणी त्याची लांबी ‘४० मिनिटे’ अशी दिलेली आढळते. तो आकडा बोलपटाच्या वेगाशी जुळतो, आणि मूकपटाच्या काळातील वेग सहसा त्याहून कमी असल्याने तो जपूनच घ्यावा लागतो.

याच चित्रपटाबाबत प्रतीचा वादही आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झालेल्या मूळ चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहे, असे परंपरेने मानले जाते. काही अभ्यासकांच्या मते ही रिळे १९१३ ची नसून, फाळके यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली त्या आवृत्तीची आहेत. दुसरे मत विचारात घेण्याजोगे आहे. वाद मिटेपर्यंत या रिळांवरून काढलेले शॉटचे माप ‘१९१३ च्या भारतीय चित्रपटाचे’ म्हणून मांडणे सावधपणाचे होणार नाही, आणि विद्यार्थ्याने आपल्या तक्त्यावर ‘उपलब्ध प्रत’ असाच उल्लेख करावा.

सरासरीचा वाद : शॉटची सरासरी लांबी काढणे सोपे आहे. मोजलेल्या भागाचा एकूण कालावधी सेकंदांत घेऊन त्याला शॉटच्या संख्येने भागावे. अमेरिकन चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी याच मापाच्या आधारे दाखवले, की १९३० ते १९६० या काळातील बहुसंख्य हॉलिवुड चित्रपटांत ३०० ते ७०० शॉट असत आणि सरासरी ८ ते ११ सेकंदांच्या दरम्यान राही; पुढील दशकांत ती सातत्याने उतरत गेली. अशा दीर्घकालीन प्रवाहासाठी सरासरी उपयोगी पडते, याबद्दल दुमत नाही.

वाद एकेका चित्रपटाच्या वर्णनासंबंधी आहे. समजा दहा शॉट अनुक्रमे २, २, ३, ३, ४, ४, ५, ६, ११ आणि ६० सेकंदांचे आहेत. बेरीज १०० आणि सरासरी १० सेकंद. पण दहापैकी आठ शॉट ६ सेकंदांचे किंवा त्याहून आखूड आहेत, आणि मध्यक (लांबीच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे माप) केवळ ४ सेकंद येतो. एकाच लांब शॉटने सरासरी सव्वादोनपट केली. चित्रपटांत आखूड शॉट पुष्कळ आणि लांब शॉट थोडे असल्याने वितरण नेहमीच एका बाजूस कललेले असते. म्हणून सरासरी सोडून मध्यक वापरावा, असे चित्रपटांचा संख्याशास्त्रीय अभ्यास करणारे निक रेडफर्न यांचे प्रतिपादन आहे. सॉल्ट यांचे उत्तर असे, की शॉटच्या लांबीचे वितरण बहुतेक चित्रपटांत लॉग-प्रसामान्य (लांबीचे लॉगरिदम घेतल्यास घंटाकृती दिसणाऱ्या) स्वरूपाचे असते आणि अशा वितरणात सरासरीलाही निश्चित अर्थ उरतो. रेडफर्न यांनी हे गृहीतकच अनेक चित्रपटांना लागू पडत नसल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला. पदवीवर्गापुरते पाहता दोन्ही आकडे शेजारी शेजारी देणे उत्तम. त्यांतील अंतर मोठे असेल तर तो लांब शॉट कोठे आहे आणि दिग्दर्शकाने तो तेथेच का ठेवला, हा खरा प्रश्न विद्यार्थ्यापुढे आपोआप उभा राहतो.

मानसशास्त्रज्ञ जेम्स कटिंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १९३५ ते २००५ या काळातील १५० हॉलिवुड चित्रपट मोजून शॉटच्या लांबीतील चढउतार आणि प्रेक्षकाच्या अवधानातील चढउतार यांत साम्य असल्याचे मांडले. हा निष्कर्ष आकर्षक आहे. परंतु तो वर्गात सिद्ध गोष्ट म्हणून न सांगता गृहीतक म्हणून सांगावा.

वर्गातील उपयोग : पूर्ण चित्रपट मोजायला देणे ही अध्यापनातील नेहमीची चूक आहे. सहाशे शॉटचा चित्रपट हाताने मोजताना लक्ष टिकत नाही आणि आकडे बिघडतात. प्रथम दहा मिनिटांचा एकच प्रसंग द्यावा, तो न मोजता एकदा पाहू द्यावा, आणि मगच कळ हाती द्यावी. बोटाच्या प्रतिसादाला लागणारा विलंब विद्यार्थ्याला चिंतेत टाकतो. प्रत्यक्षात तो दर वेळी साधारण सारखाच असल्याने दोन दाबांमधील अंतरात बव्हंशी वजा होऊन जातो. हानी होते ती सुटलेल्या कटामुळे, कारण तेथे दोन शॉट मिळून एक होतात. अर्ध्या सेकंदाहून आखूड शॉट असे वारंवार सुटतात. त्या जागी व्हीएलसी प्लेअरमध्ये ई ही कळ दाबून एकेक फ्रेम पुढे सरकवत खात्री करता येते. एकच प्रसंग दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे मोजून निकाल ताडून पाहिल्यास चुका लगेच सापडतात. चित्रपट गटात वाटून मोजल्यास वाटणीच्या जागी एकच शॉट दोघांच्या तक्त्यांत येतो, म्हणून वाटणी घड्याळी वेळेनुसार न करता कटच्या जागी करावी.

कट आपोआप शोधणाऱ्या प्रणाली लागोपाठच्या फ्रेममधील रंग-प्रकाशाच्या फरकावर चालतात. स्वच्छ कट त्या चांगले पकडतात. डिझॉल्व्ह व फेड (प्रतिमा हळूहळू काळोखात विरणे किंवा त्यातून उमटणे) त्यांच्याकडून सुटतात, आणि वीज चमकणे, कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा वेगाने फिरणारा कॅमेरा यांना त्या कट समजतात. जुन्या प्रतींतील ओरखडे व उड्या यांमुळे ही चूक वाढते. विद्यार्थ्याने आधी हाताने मोजावे आणि यंत्राचा निकाल नंतर पाहावा. क्रम उलटा झाला की यंत्राच्या चुका त्याच्या नजरेत भरत नाहीत.

‘चित्रपट संथ आहे’ हा विद्यार्थ्यांच्या लेखनातील सर्वांत नेहमीचा शेरा. शॉटमापन त्याची तपासणी करू देते, तो सिद्ध किंवा असिद्ध मात्र करत नाही. लांब शॉटमध्येही पात्रांची ये-जा, कॅमेऱ्याची चाल आणि ध्वनी यांमुळे गती भासू शकते. उलट भराभर बदलणारे, पण एकाच आशयाचे शॉट कंटाळवाणे होतात. भासणारी गती आणि मोजलेली लांबी यांत फरक पडतो तेथे थांबून लिहिण्याची सवय लागली, तर या साधनाचा पुरता उपयोग झाला असे म्हणता येईल.

स्वामित्वहक्क : १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५२ नुसार खाजगी अभ्यास, संशोधन, समीक्षा आणि अध्यापनाच्या ओघातील काही वापर हक्कभंगात मोडत नाहीत. केवळ मोजणीने चित्रपटाची प्रत होत नाही. प्रश्न येतो तो मोजणीसाठी प्रत मिळवताना आणि कापलेले तुकडे सर्वांसाठी खुले करताना. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ तांत्रिक कुलुपे तोडण्याविषयी आहे, आणि डिस्कवरून प्रत काढू पाहणाऱ्या वर्गाने ते लक्षात घ्यावे. चित्रपटावरील हक्काची मुदत प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे असल्याने प्रभात फिल्म कंपनीच्या १९३० च्या दशकातील चित्रपटांसारखे साहित्य विद्यार्थ्यांस मोकळेपणाने वापरता येते, मात्र नव्याने जोडलेले संगीत किंवा उपशीर्षके यांवर स्वतंत्र हक्क असू शकतात.