रोख्यांचे पैसे उरले, तर ठाण्यातला आपला रस्ता त्यात बसेल का?

महापालिकेने रस्त्यांसाठी कर्जरोखे (बाजारातून व्याजाने पैसा उभारण्याचे रोखे) काढले, निविदा अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने गेल्या आणि काही कोटी उरले, की सोसायट्यांच्या ग्रुपवर लगेच सुरू होते, "आपलाही रस्ता करून घ्या." मागणी रास्त, पण तो पैसा मोकळा नसतो. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या २०१५ च्या नियमांनुसार रोख्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ज्या प्रकल्पासाठी घेतली त्यावरच खर्च करायची असते. पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले ते पाणीपुरवठ्यासाठी, त्यातून कुणी गल्लीत डांबर टाकू शकत नाही. शिवाय उरलेल्या पैशावरही महापालिकेला व्याज भरावेच लागते.

अनुदानाचेही तसेच. ठाण्याला राज्य सरकारकडून रस्त्यांसाठी ६०५ कोटी मिळाले, ते २८२ रस्त्यांच्या यादीसह. यादीबाहेरचा रस्ता घ्यायचा तर पैसे देणाऱ्याची मान्यता लागते. म्हणून "पैसे उरलेत का?" याच्या आधी विचारायचे ते "कुठल्या हेडखाली (लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातल्या कुठल्या खर्चासाठी) उरलेत?"

हे माहिती अधिकारात कळते. भारताचा कुठलाही नागरिक अर्ज करू शकतो. पाचपाखाडीच्या मुख्यालयात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात. "का केला नाही?" असे विचारू नका, त्याला उत्तर देणे बंधनकारक नाही. कागद मागा. उदाहरणार्थ: "रस्ते कामांसाठी उभारलेल्या कर्ज व अनुदानाच्या निधीचा लेखाशीर्षनिहाय मंजूर, खर्च व शिल्लक रकमेचा तक्ता, मंजूर रस्त्यांची यादी, वगळलेल्या रस्त्यांबाबतच्या टिपणीची प्रत." कागद लेखा विभागाकडे असले तरी अर्ज पुढे पाठवणे हे त्यांचेच काम. ३० दिवसांत उत्तर नाही आले, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील.

आता पात्रता. रस्ता महापालिकेच्या ताब्यातला हवा. गृहसंकुलाच्या कुंपणातला रस्ता हस्तांतरित झालेला नसेल तर त्यावर सरकारी पैसा खर्च करता येत नाही, मग कितीही सह्या गोळा करा. वागळे इस्टेटमध्ये रस्ता एमआयडीसीचा की पालिकेचा, हे आधी पाहून घ्या. महामार्ग आणि काही मोठे रस्ते दुसऱ्याच यंत्रणांकडे असतात. आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट म्हणजे दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम झाल्यावर त्यातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते ती मुदत. रस्ता त्या मुदतीत असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. अशा रस्त्यासाठी शिल्लक निधी मागणे म्हणजे ठेकेदाराचे बिल आपण भरण्यासारखे.

हे सगळे जमले की मागणीपत्र नगर अभियंत्यांना द्या आणि प्रत आपल्या प्रभाग समितीच्या कार्यकारी अभियंत्याला. सोसायटीच्या लेटरहेडवर असेल तर कमिटीचा ठराव जोडा. रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत, मीटरमध्ये लांबी-रुंदी, तारखेसह फोटो, विकास आराखड्यातला तो भाग, आधीच्या तक्रारींचे क्रमांक, माहिती अधिकारातले उत्तर. मोजमाप टेपने घ्या, "बराच खराब आहे" याचे अंदाजपत्रक होत नाही. तिथे पाण्याची लाइन किंवा ड्रेनेजचे काम बाकी असेल तर तेही लिहा, नाहीतर नवा रस्ता चार महिन्यांत पुन्हा खोदला जातो. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नगरसेवकाचे पत्र मिळाले तर जोडा, बंधन नाही.

पुढे कनिष्ठ अभियंता पाहणी करतो, अंदाजपत्रक बनते, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते. चालू ठेक्यातच "तेवढे वाढवून घ्या" असे तोंडी सांगून होत नाही. वाढीव कामालाही वेगळी मंजुरी लागते, मोठे असेल तर नवी निविदा. शिल्लक दुसऱ्या हेडची असेल तर पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका हेडचा पैसा दुसऱ्याकडे वळवण्याचा, प्रस्ताव लागतो, पण रोख्यांच्या पैशाला ती वाट नाही. तिथे रस्ता मूळ प्रकल्पातच बसायला हवा.

पत्र दिवाळीच्या सुमारास दिलेले बरे. अंदाजपत्रकाची तयारी तेव्हा सुरू असते आणि शिल्लक निधीतून नाही बसले तरी पुढच्या वर्षाच्या तरतुदीत नाव लागू शकते. मेमध्ये दिलेल्या पत्रावर फार तर पावसाळ्यापूर्वीचे खड्डे बुजवून मिळतात.