तांबोशी

ल्युटजॅनिडी कुलातील मोठा मांसाहारी मासा. शास्त्रीय नाव ल्युटजॅनस अर्जेंटिमॅक्युलेटस. कुलातील इतर लाल माशांनाही तांबोशी म्हणतात. ही नोंद फक्त या जातीची आहे. फोर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्रातील माशांवरून केलेले तिचे वर्णन १७७५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. पूर्व आफ्रिकेपासून सामोआपर्यंत आणि जपानच्या रिउक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळते. सुएझ कालव्यातून ती पूर्व भूमध्य समुद्रातही शिरली आहे.

पृष्ठपरात (पाठीवरच्या परात) १० काटे व १३–१४ मऊ किरण, गुदपरात (गुदद्वारामागच्या परात) ३ काटे व ८ किरण असतात; वरच्या जबड्यात पुढे ठळक सुळे. रंगावरून ओळख पटवू नये : खाडीतला मासा हिरवट तपकिरी, तर खोल पाण्यातला तांबूस दिसतो. पिल्लांच्या अंगावर सुमारे ८ फिकट उभे पट्टे आणि गालावर एक-दोन निळ्या रेघा असतात; वाढीबरोबर त्या पुसट होतात. बोहर (ल्युटजॅनस बोहर) या त्याच प्रजातीतील दुसऱ्या जातीशी गल्लत झाल्यास नाकपुडी ते डोळा हा भाग पाहावा. बोहरला तिथे खोल खाच असते, तांबोशीला नसते. लांबी साधारण ८० सेंमी. पर्यंत भरते, याहून बऱ्याच मोठ्या माशांच्याही नोंदी आहेत.

या माशाचे आयुष्य दोन अधिवासांत विभागलेले आहे आणि त्याच्याविषयीचे बहुतेक प्रश्न इथूनच निघतात. प्रौढ मासे किनाऱ्यापासून दूर, प्रवाळ व खडकांच्या आसऱ्याने, १०० मी. हून अधिक खोलीपर्यंत राहतात. अंडी उघड्या पाण्यात सोडली जातात. ती जेमतेम ०.८ मिमी. व्यासाची आणि तरंगणारी असून २८ अंश से. तापमानाला १६–१८ तासांत फुटतात. डिंभ (अंड्यातून निघालेली सूक्ष्म पिल्ले) काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात. या काळात पृष्ठपर व श्रोणिपराचे (पोटाखालच्या पराचे) लांब काटे त्यांचे रक्षण करतात. मग ती खाडीत शिरतात. कांदळवनाची मुळे, बुडालेली लाकडे, ओढ्यांची मुखे, कधी पार गोड्या पाण्याचे पट्टे, अशा जागी काही वर्षे वाढून मासा समुद्राकडे परततो. खाडीच्या तोंडाशी बांध पडला की ही ये-जा थांबते. बांधाच्या वरच्या बाजूला पाणी कितीही स्वच्छ असले तरी तिथे पिल्ले पोहोचत नाहीत.

शिकार मुख्यतः रात्री. खेकडे, कोळंबी व लहान मासे हे खाद्य. दिवसा मासा आडोशाला दबून असतो.

नर व मादी कायम वेगळे असतात. हेकरू (ग्रूपर) माशांत होतो तसा लिंगबदल इथे होत नाही. पक्वता उशिरा, सुमारे ५० सेंमी. लांबीला येते, मादीला नरापेक्षा थोडी उशिरा. म्हणून खाडीत धरलेला मासा हाताला भारी लागला तरी त्याने बहुधा एकदाही अंडी दिलेली नसतात. आयुष्य ३० वर्षांहून अधिक. वय खवल्यांवरून मोजल्यास म्हाताऱ्या माशांचे कमी भरते, कारण कडेची वाढीची वलये एकमेकांना चिकटतात; कर्णाश्माचा (कानातील खड्याचा) पातळ छेद घेऊनच ते मोजावे.

खोलातून वर ओढलेल्या माशाचा वाताशय (पोटातील हवेची पिशवी) फुगतो आणि जठर तोंडातून बाहेर येते. वाताशय अन्ननलिकेशी जोडलेला नसल्याने हवा पटकन निघत नाही. असा मासा नुसता सोडल्यास पृष्ठभागावर तरंगत मरतो. बाहेर आलेला फुगा टोचणे चूकच, कारण ते जठर असते. वजन लावून त्याला पुन्हा खोल नेऊन सोडणे हा बरा उपाय आहे.

आग्नेय आशियात तांबोशीचे संवर्धन तळ्यांत व पिंजऱ्यांत होते. खरी अडचण बीजनिर्मितीत, पहिल्या खाद्याच्या वेळी येते : डिंभाचे तोंड इतके लहान असते की नेहमीचे रोटिफर (पाण्यातील सूक्ष्म जीव) हेही त्याला मोठे पडतात. त्यामुळे सर्वांत बारीक रोटिफर किंवा कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जीवांची पिल्ले द्यावी लागतात. पुढे बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) एकमेकांना खातात. आकारानुसार वारंवार निवड करून वेगळी ठेवली नाहीत, तर मोठी वाचतात आणि बाकीची संपतात.