कोरड्या खोकल्याचं सिरप घेण्याआधी

औषधाची बाटली देताना सगळ्याच गोष्टी सांगून होत नाहीत. राहून जाणाऱ्या, पण तुमच्या जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी या पत्रकात लिहिल्या आहेत. बाटली उघडण्याआधी एकदा वाचा.

कोरड्या खोकल्यासाठी डॉक्टर जे सिरप लिहून देतात त्यात बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन असतं. ही औषधं मेंदूतून सुटणारी खोकल्याची उबळ दाबतात. उबळ थांबते, झोप लागते. पण खोकल्याचं मूळ कारण तसंच राहतं. म्हणूनच कफ सुटत असेल तर हे सिरप चालत नाही. तो कफ बाहेर पडायलाच हवा, खोकला दाबला तर तो छातीत साचतो. सुरुवातीला कोरडा असलेला खोकला दोन-चार दिवसांत ओला झाला, तर सिरप पुढे चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा.

मापाबद्दल आमचा आग्रह आहे. चिठ्ठीवर एक चमचा लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ५ मिलि. स्वयंपाकघरातले चमचे लहान-मोठे असतात, त्यामुळे बाटलीसोबत आलेलं मापच वापरा. ते सपाट जागी ठेवून, डोळ्यांच्या पातळीवर आणून बघा. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. जास्त घेतल्यानं खोकला लवकर जात नाही, गुंगी मात्र वाढते.

तुम्ही आणखी कोणत्या गोळ्या घेता ते आम्हाला नक्की सांगा, अगदी रोजच्या सवयीच्या असल्या तरी. नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेतल्यास अस्वस्थपणा, घाम, थरथर आणि छातीत धडधड असा गंभीर त्रास होऊ शकतो. एमएओआय गटातली (नैराश्यावरच्या गोळ्यांचाच एक जुना प्रकार) गोळी बंद केली असली तरी ती थांबवणं आणि हे सिरप सुरू करणं यांच्यामध्ये किमान १४ दिवस जावे लागतात. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्यासोबत कोडीन घेतलं तर श्वास मंदावतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये सिरपमधलेच घटक असतात, त्यामुळे नकळत दुप्पट डोस पोटात जातो. सिरप घेऊन गुंगी येत असेल तर गाडी चालवू नका.

रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल किंवा लिसिनोप्रिल घेणाऱ्या काही जणांना त्या गोळीमुळेच कोरडी ढास लागते. अशा वेळी सिरपच्या बाटल्या संपवून काही उपयोग नाही. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टर ती बदलून देतात.

मधुमेह असेल तर साखर नसलेलं सिरप मिळेल का ते विचारा. कोडीननं बद्धकोष्ठ होतं, आणि फार दिवस घेतलं तर सवयही लागते.

आता मुलांविषयी. कोडीन १२ वर्षांखालच्या मुलाला कधीही देऊ नका. काहींच्या शरीरात त्याचं मॉर्फीन फार वेगानं तयार होतं आणि श्वास धोक्यात येतो. असं कोणाच्या बाबतीत होईल हे वरून कळत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईनंही कोडीन टाळावं. आजोबांच्या बाटलीतलं उरलेलं सिरप नातवाला पाजणं प्रेमापोटी होतं, पण ते घातक ठरू शकतं. वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना थोडा मध देता येतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको.

सिरप घेतलेला माणूस हाका मारूनही नीट उठत नसेल, श्वास फार संथ चालला असेल किंवा ओठ निळे पडले असतील तर लगेच दवाखाना गाठा. बाटली सोबत न्या, म्हणजे नेमकं काय आणि किती घेतलं ते तिथल्या डॉक्टरांना कळेल. खोकल्यातून रक्त पडणं, दम लागणं, हटत नसलेला ताप, वजन उतरणं किंवा तीन आठवड्यांनंतरही न थांबणारा खोकला, यांपैकी काहीही असेल तर दुसरी बाटली मागायला येण्याआधी डॉक्टरांना भेटा.