मेंदू-स्नायूंची जोड मोजताना : एका वादाची पार्श्वभूमी

लातूर-नांदेडकडे लकव्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी फिजिओथेरपीला आलेले मामा-मावशी एकच गाऱ्हाणं सांगतात : हात आहे, पण माझं ऐकत नाही. मेंदू-स्नायू जोडीवरचं संशोधन याच गाऱ्हाण्याचा माग काढतं. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचतो का, आणि पोचला तर कितपत?

दोन्ही टोकांच्या नोंदी वेगवेगळ्या घेणं जुनंच. जोरात आवळलेल्या स्नायूत ४० हर्ट्झच्या आसपासचा ताल असतो, हे पहिल्या महायुद्धाआधीच लिहिलं गेलं होतं. माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी १९२४ मध्ये प्रथम टिपल्या गेल्या. ही दोन टोकं एकत्र बांधायला मात्र १९९५ उजाडलं. मेंदूची चुंबकीय नोंद आणि हाताची ईएमजी (स्नायूतल्या विजेची नोंद) यांच्यात १५ ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यात मेळ दिसला, म्हणजे दोन्हींचे चढउतार जोडीने होताना दिसले. पुढच्या दोन-तीन वर्षांत साध्या ईईजीवरही (डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदीवरही) तो सापडला. या मेळाला कोहेरन्स म्हणतात. तो शून्य ते एक या मापात मोजतात आणि डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून येणारा आकडा बहुधा शून्याकडेच झुकलेला असतो. शिवाय तो दिसतो पकड स्थिर असताना. तांब्या नुसता धरून ठेवला तर मेळ आहे. उचलायला लागलं की ओसरतो. २००१ मध्ये लकव्याच्या रुग्णांत लुळ्या बाजूचा मेळ चांगल्या बाजूपेक्षा कमी असल्याचं प्रसिद्ध झालं आणि पुनर्वसनवाल्यांचे कान टवकारले.

इथून पुढे गाडी अडली ती रेक्टिफिकेशनवर. ईएमजीची रेघ शून्याच्या वर-खाली नाचते. खालचा भाग उलटून वर घ्यायचा, म्हणजे सगळं धन करायचं, याला रेक्टिफिकेशन म्हणतात. १९९०च्या दशकात बहुतेकांनी ते फारसा विचार न करता केलं. २०१० च्या सुमारास हरकती आल्या : ही क्रिया सरळरेषीय नाही, ती मूळ सिग्नलमधल्या वारंवारतांची मोडतोड करते, मग मेळ खरा की गणिताने घडवलेला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी कधी कधी एकत्र पेटतात हेच आपल्याला हवंय आणि ते रेघ उलटल्यावरच नीट वर येतं. २०१३ मधल्या संगणकीय प्रारूपांनी मधला मार्ग दाखवला. जोर कमी असताना स्नायूतले धन-ऋण ठोके एकमेकांना फारसे खोडत नाहीत, तेव्हा रेक्टिफिकेशन उपयोगी. जोर वाढून खोडाखोड वाढली की त्याचा भरवसा कमी होतो.

मला हा वाद किरकोळ वाटत नाही. लकव्यात आपण एकाच माणसाचे दोन हात ताडून पाहतो. एक हात जेमतेम आवळतो, दुसरा सहज. दोघांवर तीच प्रक्रिया केली तरी तिचा परिणाम सारखा होईलच असं नाही. मग आकड्यांतल्या फरकात आजार किती आणि प्रक्रिया किती? तरीही कित्येक निबंधांत ही निवड एका ओळीत उरकलेली असते, काहींत तीही नसते. त्यात काही धडधाकट माणसांतही हा मेळ दिसतच नाही, म्हणजे नुसत्या एका आकड्यावरून रुग्णाला काही सांगणं धोक्याचंच.

गेल्या पंधराएक वर्षांत प्रश्नच थोडा बदलला. मेळ किती, यापेक्षा माहिती कुठून कुठे जाते याकडे लक्ष वळलं : मेंदूकडून खाली जाणारा हुकूम वेगळा, स्नायूकडून वर येणारी जाणीव वेगळी. त्यासाठी ट्रान्सफर एन्ट्रॉपीसारखी (एका सिग्नलकडून दुसऱ्याकडे किती माहिती जाते हे सांगणारी) मापं आली. दोन स्नायूंमधला मेळ मोजण्याचीही वाट रुळतेय. तिला डोक्यावर ईईजीची टोपी लागत नाही, चार-सहा इलेक्ट्रोड पुरतात. बीड-हिंगोलीकडच्या छोट्या दवाखान्यांना परवडलीच तर हीच परवडेल.

आमच्याकडे रुग्ण विचारतात, ‘करंट कधी लावता?’ करंट म्हणजे स्नायूंना दिलेले विजेचे हलके झटके. त्यांना दिवस विचारायचा असतो. पण संशोधनही सध्या ‘कधी’वरच आहे, फक्त तिथे हिशेब क्षणांचा. २०१८ मध्ये एका युरोपीय गटाने जुन्या लकव्याच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला मेंदूने हात हलवायचा प्रयत्न केल्याचं ईईजीत दिसलं की त्याच वेळी करंट दिला. दुसऱ्याला तसाच करंट, पण मेंदूच्या प्रयत्नाशी संबंध न ठेवता. हात जास्त सुधारला तो पहिल्या गटाचा, आणि ती सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकून होती.